फीत कापायच्या आधी

(शिरूरचं एक कॉलेज, सकाळची वेळ. इमारतीच्या पायऱ्यांशेजारी नवा रॅम्प, त्याच्या तोंडाशी तांबडी फीत बांधलेली. व्हीलचेअरवर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मोनाली, शेजारी फेटा बांधलेले तिचे वडील संपत. उपप्राचार्य आनंदराव सर घाईने खाली उतरून आलेत.)

संपत : न्हाई म्हंजी काय न्हाई? मांडव घातला, माणसं जमली, आन् आता न्हाई?

मोनाली : आप्पा, सत्काराला नाही म्हणाले नाही मी. फीत कापायला नाही म्हणाले.

सर : अगं मोनाली, दोन्ही एकच आहे. संस्थेचे अध्यक्षसाहेब फीत कापणार, तुझी खुर्ची धरून स्वतः तुला वर नेणार, आणि वर गेल्यावर शाल, नारळ. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापून गेलंय.

मोनाली : छापलंय ते वाचलं मी. 'दिव्यांग विद्यार्थिनीचा सत्कार.' नाव कुठंय माझं?

सर : नाव नाही? प्रूफ तर मीच बघितलं होतं. राहून गेलं बहुतेक.

संपत : नावाचं काय घिऊन बसलीस. समद्यांना म्हाईत हाय. ह्या कॉलेजात खुर्चीवाली दुसरी हाय का कोण?

मोनाली : नाही ना. तेच म्हणते मी.

सर : बाळ, साहेब दौंडहून निघालेत. न्हावऱ्याला चहाला थांबलेत, अर्ध्या तासात येतील. पेपरवाले वर बसलेत. अशा वेळी मला पेचात नको टाकूस. पहिल्या वर्षापासून तूच माझ्या मागे लागली होतीस ना, सर रॅम्प, सर रॅम्प? आता झाला.

मोनाली : मी रॅम्प मागितला होता, सर. ही घसरगुंडी आहे.

संपत : घसरगुंडी? आगं, काय चकचकीत फरशी लावलीय. बाजूला स्टीलचं रेलिंग. आपल्या सोसायटीच्या बँकंला न्हाई असलं.

मोनाली : रेलिंग छान आहे. उभ्या माणसाच्या हाताला बरोबर येतं. मी बसलेली असते, आप्पा.

सर : ते थोडं उंच झालं असेल. पण उतार वगैरे...

मोनाली : उताराचंच सांगते. मागच्या रविवारी मैत्रिणीला, धनश्रीला घेऊन आले होते. रॅम्पपुढं ठेवलेल्या कुंड्या बाजूला केल्या आणि चढून बघितलं. निम्म्यापर्यंत गेले आणि चाकं मागं फिरायला लागली. धनश्रीनं मागून धरलं म्हणून, नाहीतर कुंड्यांमध्ये पडले असते. आणि फरशी भिजलेली नव्हती बरं का, कोरडी होती.

सर : मग मला सांगायचंस.

मोनाली : सोमवारी सांगितलं. तुम्ही म्हणालात, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू.

सर : बघूच की मग.

मोनाली : सर, मुलींच्या नव्या टॉयलेटचं उद्घाटन झालं तेव्हा नळाला पाणी नव्हतं. तेव्हापण ठरलं होतं, कार्यक्रम होऊन जाऊ दे.

सर : हो. ते पाण्याचं...

मोनाली : अजून बादलीच नेतो आम्ही.

संपत : मोने, सरांना उलट बोलू नगंस.

सर : नाही, नाही, बरोबर बोलतेय ती. पण संपतराव, तुम्हीच समजावा. संस्थेत एकदा फीत कापली की गोष्ट पूर्ण झाली असं धरतात, हे मलाही कळतं. पण नाही कापली तर साहेबांना काय वाटेल? त्यांनी खास निधी दिलाय ह्याला.

मोनाली : निधी दिला आणि लांबी कुणी कापली?

सर : लांबी?

मोनाली : फूटभर उंचीला बारा फूट उतार लागतो, सर. वर्गात तुम्हीच शिकवलंय, नकाशावर उतार कसा काढायचा ते. हा ओटा माझ्या खांद्याएवढा आहे आणि रॅम्प बघा केवढासा. सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो.

सर : पहिल्या आराखड्यात लांब होता तो. पार पोर्च ओलांडून वळत होता. पण तसा घेतला तर पोर्चमध्ये गाडी लागत नाही.

मोनाली : कुणाची?

सर : कुणाचीही.

मोनाली : सर.

सर : अध्यक्षांची. समितीत विषय निघाला होता. मग उतार जरा वाढला तरी चालेल असं ठरलं. कुणीतरी म्हणालं, मुलं आहेतच ढकलायला.

मोनाली : कुणीतरी?

सर : सगळेच म्हणाले. मीही काही बोललो नाही.

संपत : बरं, मुलं हायतच की. सम्राट हाय, त्याचे दोस्त हायत. दोन वर्सं उचलून न्हेत्यात पायऱ्यांवरनं, एका शब्दानं न्हाई म्हणाली न्हाईत पोरं. मंग ढकलायला काय आवघड? मोने, आपल्यासाठी कुणी एवढं केलं तर वाकून घ्यावं. माझं ऐक. तुला शाळंत घालताना भावकीतली माणसं काय बोलली ते तुला न्हाई म्हाईत. हिला शिकवून काय करायचं, म्हणं. आज तीच समदी टेम्पोत घालून आणलीयात मी. तुझी आजी तिकडं निमोण्यात मोबाईल धरून बसलीय, लाईव्ह दिसणार म्हणून. मला एकडाव तरी त्यांच्याम्होरं ताठ बसू दे की.

मोनाली : बसा ना, आप्पा. मीच सांगते बसा. पण साहेब मला ढकलत वर नेतायत हे बघून ताठ बसणार का? ते तर तुम्ही रोज करता.

संपत : तू शब्दात धरतीस मला.

मोनाली : नाही. आणि साहेबांचा देह बघितलाय का तुम्ही? त्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला तर खुर्ची राहील बाजूला, मी त्यांच्याखाली. लाईव्ह दिसेल आजीला.

सर : असं बोलू नये गं.

संपत : हसू नका, सर. तुमी हसलात की तिला चेव येतो.

मोनाली : खरं सांगू का, सर? फोटोसाठी मी पाच मिनिटं गप बसले असते. बसतेच की मी. गेल्या वर्षी मतदार दिनाला बसले, योगदिनाला बसले. योगदिनाला, सर. पण कोरेगाव भीमाची एक मुलगी आहे, राजश्री. बारावीला आहे. माझ्यासारखीच खुर्ची तिची. तिला भूगोल घ्यायचाय आणि तो तुमच्याकडे शिकायचाय. कुणीतरी माझा नंबर दिला तिला. तिनं एकच विचारलं, ताई, तिथं रॅम्प आहे का?

सर : मग काय सांगितलंस?

मोनाली : अजून काहीच नाही. उद्या पेपरात फोटो येईल. साहेब हसतायत, मी हसतेय, मागं स्टीलचं रेलिंग. ती फोटो बघेल आणि इथं ॲडमिशन घेईल. आणि जूनमध्ये आली की तिला कळेल, हिनं फोटोत खोटं सांगितलं.

संपत : आगं, तिलाबी उचलत्याल पोरं. तुला उचलत्यात तसं.

मोनाली : आप्पा, तेच नको म्हणते मी.

संपत : का पर? चांगली पोरं हायत.

मोनाली : चांगली आहेत. सम्राटदादा तर स्वतःचा पेपर सोडून धावत येतो. पण उचलताना हात कुठंही लागतो, आप्पा. कुणाची चूक नाही. वाईट मनानं कुणी करत नाही. पण चौघं उचलतात, खुर्ची तिरकी होते, कुणी इथं धरतं, कुणी तिथं. रोज. मी पायऱ्या संपेपर्यंत छताकडं बघत असते.

संपत : हे कवा सांगितलं न्हाईस.

मोनाली : सांगितलं असतं तर तुम्ही कॉलेज बंद केलं असतं माझं.

संपत : व्हय. केलं असतं.

सर : मोनाली, मला वाटत होतं की मुलं मदत करतात म्हणजे आपलं कॉलेज चांगलं आहे. मी एका परिषदेत तसा निबंधही वाचला होता.

मोनाली : ऐकलाय मी तो, सर. स्नेहसंमेलनात परत वाचलात ना. चांगला होता. फक्त त्यात मी बोलत नव्हते.

संपत : पर पोरी, सर म्हणत्यात जरा उतार जास्त हाय. जरासाच. तुझ्या हातात जोर कमी हाय म्हणून तसं वाटत असंल. रोज जरा दंड काढ, व्यायाम कर.

मोनाली : बसा माझ्या खुर्चीत.

संपत : कोण?

मोनाली : तुम्ही. ती प्लास्टिकची खुर्ची इकडं ओढा, मी तिच्यावर सरकते.

सर : मी धरू का?

मोनाली : खुर्ची धरा, सर, मला नको. हां. झालं.

संपत : आगं, माणसं बघत्यात.

मोनाली : बघू दे. माझ्याकडं रोजच बघतात. बसा.

सर : आणि ती फीत? साहेबांच्या हातानं...

मोनाली : सुरगाठ आहे, एक टोक ओढलं की सुटते. परत बांधू. आप्पा, चाकाच्या बाहेर कडं आहे ना, ते धरायचं. पाय फळीवर. खाली टेकवायचे नाहीत. टेकवले की तुम्ही आउट.

संपत : बाई, कांद्याची पोती फेकल्यात ह्या हातानं मी टेम्पोत. तू मला आउट करतीस व्हय. हां. ही निघाली बघ. सर, बघताय का? चाललीय की झ्याक.

मोनाली : बघतोय आम्ही. पुढं चला.

संपत : चाललीय. जरा जड लागतंय पर चाललीय. हात बदलायला... मोने, हात बदलायचा कसा? सोडला की मागं येतीय ही.

मोनाली : तेच तर.

संपत : आगं, मागं येतीय. सर. सर, धरा.

सर : धरलंय. धरलंय, संपतराव, पण माझाच पाय सरकतोय. ही फरशी...

मोनाली : सर, गुडघा टेका मागं. आप्पा, कडं सोडू नका, हातातून हळूहळू फिरू द्या. हळू. अजून हळू. आलात.

संपत : आलो. आलो बाबा एकदाचा. फेटा कुठं गेला?

सर : हा घ्या. जरा धूळ लागलीय.

संपत : लागू द्या. निम्म्याला तरी गेलतो का न्हाई मी?

मोनाली : नाही.

संपत : तू गेलतीस?

मोनाली : निम्म्यापर्यंत.

संपत : म्हंजी जोर तुझ्याच हाताला जास्त हाय म्हणायचा.

मोनाली : आहेच. ते तुम्हाला आज कळलं.

संपत : सर, तुमीबी एकडाव बसून बघा.

सर : मला गरज नाही, संपतराव. मी मागून धरलं होतं. तेवढ्यात कळलं.

संपत : मंग लावा फोन.

सर : कुणाला?

संपत : तुमच्या साहेबांना. दुसरा कोण कापणार हाय फीत?

सर : आत्ता? असं रस्त्यात गाठून? नाही, मी काय म्हणतो, कार्यक्रमानंतर मी त्यांना सविस्तर लिहीन. मला लिहून बरं मांडता येतं. समोर बोलायचं म्हटलं की माझं वाक्य पूर्ण होत नाही. इतकी वर्षं झाली, साहेबांसमोर मी 'हो' आणि 'बरं' ह्यापलीकडे गेलो नाहीये. हवं तर मोनाली, तूच बोल त्यांच्याशी.

मोनाली : मी बोलले तर पोरीची तक्रार होईल. तुम्ही बोललात तर कॉलेजचं म्हणणं होईल.

सर : माझा आवाज तरी ऐकू जाईल का त्यांना, कुणास ठाऊक.

मोनाली : सर, एक सांगते. एनएसएसचा कॅम्प होता तेव्हा सगळी मुलं वढूला गेली होती. उचलायला कुणी नव्हतं. आप्पा मला सोडून मार्केटला गेले होते. मी तिकडं, तुमच्या वर्गाच्या खिडकीखाली बसून राहिले. तुम्ही भीमेचं खोरं शिकवत होतात. घोडनदी कुठं मिळते, मुळा-मुठा कुठं, सगळं. एक शब्द सुटला नाही माझा. वर्ग संपेपर्यंत लिहून घेतलं मी.

सर : तू बाहेर होतीस त्या दिवशी?

मोनाली : तुमचा आवाज बाहेरपर्यंत येतो, सर. साहेबांच्या गाडीपर्यंतपण जाईल.

सर : मी हजेरीत तुझी गैरहजेरी लावली असणार.

मोनाली : लावली होती.

संपत : लावा फोन, सर. मी हाय हितं उभा.

सर : लावतो. जरा थांबा. हॅलो, साहेब, आनंदराव बोलतोय. हो, तयारी झाली. हो, फेटेही आलेत. साहेब, एक सांगायचं होतं. रॅम्प चुकलाय... नाही, रंग नाही, रंग बरोबर आहे. उतार चुकलाय. त्याच्यावरून ती मुलगी स्वतः वर जाऊ शकत नाही. आत्ता एक धडधाकट गृहस्थ चढून बघत होते, ते आणि मी दोघे पडता पडता वाचलो... हो, पत्रकार आहेत वर... नाही साहेब, तिची तक्रार नाही. माझी आहे. आज फीत कापू नये, असं माझं म्हणणं आहे... लांबी वाढवावी लागेल. पहिला आराखडा होता तसा, पोर्चमधून वळवून. फरशी काढून खरखरीत करावी लागेल... नाही, मग गाडी पोर्चला नाही लागणार... तुमचीही नाही, साहेब. गेटजवळ लिंबाखाली लागेल. मोनालीच्या वडलांचा टेम्पो तिथंच लागतो... साहेब, माझं ऐका. तुम्ही या. कापायला नको, बघायला या. हॅलो? हॅलो?

संपत : काय म्हणाले?

सर : काहीच नाही. फोन ठेवला.

मोनाली : तुमचं वाक्य पूर्ण झालं, सर.

सर : झालं, नाही का? सगळंच बोललो मी. टेम्पोचं बोलायला नको होतं कदाचित.

संपत : का? टेम्पोत काय वाईट हाय?

सर : काही नाही, संपतराव. काही वाईट नाही. पण आता ते आलेच नाहीत तर? किंवा आले आणि रागानं तशीच फीत कापली तर?

मोनाली : कापू देत की. मी रॅम्पवर जाणार नाही. ते रिकाम्या रॅम्पवर एकटे चढतील. पेपरवाल्यांना तो फोटो छापायचा असेल तर छापू देत. आणि हे काही मी मेहरबानी मागत नाहीये, सर. दिव्यांगांच्या हक्कांचा दोन हजार सोळाचा कायदा आहे. तो मला पाठ आहे, विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.

संपत : आन् ती शाल? तिचं काय करायचं? आजी तिकडं वाट बघतीय.

मोनाली : शाल घेईन ना मी. वर्गात मी पहिली आलेय, त्याची शाल घेईन. पण इथं, खाली. ज्यांना द्यायचीय ते सगळे पायऱ्या उतरून येतील. पाय आहेत त्यांना.

संपत : म्हंजी समदी माणसं खाली बोलवायची?

मोनाली : खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, आप्पा. उचलायला हलक्या. सम्राटदादाला सांगा, आज मला नको, खुर्च्या उचल म्हणावं.

संपत : सांगतो. सम्राट, ए सम्राट. वरच्या खुर्च्या आण खाली. समद्या. आन् आमच्या भावकीला म्होरल्या रांगंत बसीव. आजीला नीट दिसाया पायजे, तो मोबाईल कुणाकडं हाय? जरा हिकडं वळवून धर.

सर : मोनाली, तुझं नाव आता राहून जाणार नाही. पूर्ण नाव घेईन. आणि गैरहजेरीचंही बघतो.

मोनाली : मग बघू, नाही ना?

सर : नाही. आजच. म्हाळूमामा, काय झालं? का हात करताय गेटवरून?

संपत : गाडी आलीय वाटतं. पांढरी. साहेबांचीच हाय.

सर : आले म्हणजे. मी जाऊ का सामोरा? का इथंच थांबू?

मोनाली : तुम्हीच ठरवा, सर.

सर : म्हाळूमामा, गाडी आत सोडू नका. तिथंच, लिंबाखाली, टेम्पोच्या शेजारी लावायला सांगा. साहेबांना म्हणावं, थोडं चालावं लागेल. उपप्राचार्यांनी सांगितलंय म्हणावं. हो, माझं नाव सांगा.

संपत : थांबली. लिंबाखालीच थांबली. दार उघडलं बघा.

मोनाली : आप्पा, माझी खुर्ची द्या आता. नको, उचलू नका, नुसती जवळ लावा. हां.

संपत : मोने, त्या राजश्रीला काय कळवणार?

मोनाली : खरं तेच कळवणार. अजून झालेला नाही. पण फॉर्म भर, जूनच्या आत होईल. नाही झाला तर दोघी मिळून भांडू.

संपत : आन् ही फीत तशीच लोंबतीय. काढून टाकू का समदी?

मोनाली : नको. परत बांधा. काम अजून व्हायचंय, ते दिसू दे.